श्रीपूरकर, चाळकरी, बळीराजा : कल्पित प्रदेशाच्या लोकनामाविषयी

कल्पित प्रदेश रचणाऱ्या लेखकाला त्या प्रदेशाची नदी, वेस, बाजाराचा वार आणि राजाचे घराणे ठरविणे तुलनेने सोपे जाते. तेथील माणसांना एकत्रितपणे काय म्हणावे, हा प्रश्न मात्र बहुधा शेवटपर्यंत अनिर्णित राहतो. मराठी समीक्षेने पात्रांच्या नावांचा विचार केला आहे, ग्रामीण आणि प्रादेशिक साहित्याच्या निमित्ताने स्थळनामांचाही केला आहे. परंतु स्थळावरून माणसांना मिळणाऱ्या नावाकडे, ज्याला येथे सोयीसाठी 'लोकनाम' म्हटले आहे, व्याकरणाचा एक किरकोळ भाग म्हणूनच पाहिले गेले. ही उपेक्षा समर्थनीय नाही. मराठीत स्थळनामाला लागणारा प्रत्यय निरागस नसतो. जमिनीवरचा हक्क, वतन, स्थलांतर आणि जात यांचे थर त्यावर बसलेले असतात. म्हणून कल्पित प्रदेशाच्या रहिवाशांना नाव देताना लेखक नकळत एक सामाजिक निर्णय घेत असतो, आणि तो टाळतो तेव्हाही घेतच असतो.

उदाहरण म्हणून सोलापूर जिल्ह्यातील, माळशिरस तालुक्यातील श्रीपूर घेता येईल. हे गाव कल्पित नाही. पण त्याचे नाव कल्पित नगराला शोभेल असे आहे. ललितोपाख्यानात देवीच्या नगरीला श्रीपूर म्हटले आहे, आणि 'श्री' व 'पूर' या दोन घटकांपासून कोणीही, कोठेही एक मंगल नगर उभे करू शकतो. माळशिरसमधील श्रीपूर ही साखर कारखान्याभोवती वाढलेली वसाहत. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचे नाव होते 'बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट'. महाराष्ट्र नावाचे राज्य अस्तित्वात येण्यास अद्याप सव्वीस वर्षे होती. म्हणजे जो प्रदेश राजकीय नकाशावर नव्हता त्याच्याही विस्तारित रूपाचे नाव एका कारखान्याला, आणि शुभसूचक नाव त्याच्या वसाहतीला, असा हा दुहेरी कल्पनेचा व्यवहार होता. जवळच माळीनगर आहे. तेथील कारखान्याच्या नावात 'सासवड माळी' हे शब्द आहेत. सासवडकडून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी तो उभारला. तेथे लोकांवरून गावाला नाव मिळाले, श्रीपूरला मात्र नाव आधी आणि लोक नंतर. शेजारच्या जुन्या महाळुंगशी जोडून आज नगरपंचायतीचे नाव 'महाळुंग-श्रीपूर' असे लिहिले जाते. या जोडनावाच्या रहिवाशाला एका शब्दात काय म्हणावे, याचे उत्तर भाषेने अजून दिलेले नाही.

'श्रीपूरकर' की 'श्रीपुरी'? दोन्ही रूपे व्याकरणदृष्ट्या शक्य आहेत. पण मराठी भाषक यांतील एकच माणसासाठी निवडील. सोलापुरी चादर असते, माणूस सोलापूरकर असतो; चप्पल कोल्हापुरी, माणूस कोल्हापूरकर; संत्री नागपुरी, माणूस नागपूरकर. शहराच्या नावाला लागणारा 'ई' प्रामुख्याने वस्तूला, चवीला, ढंगाला लागतो. 'पुणेरी' हा शब्दही पगडीला आणि खोचक पाटीला जितका सहज लागतो तितका पुण्यातल्या माणसाला लागत नाही. उलट विस्तृत प्रदेशाच्या बाबतीत हाच 'ई' माणसांसाठी वापरला जातो : वऱ्हाडी, खानदेशी, कोकणी, माणदेशी, आणि अर्थात गुजराती, बंगाली. गावाला 'कर', मुलखाला 'ई' अशी ही ढोबळ विभागणी आहे. गोवेकर हा ठळक अपवाद.

या दोन प्रत्ययांपुढे स्थळनाम कसे वागते हेही पाहण्यासारखे आहे. 'ई'पुढे सोलापूरचा दीर्घ 'पू' ऱ्हस्व होतो, नाव वाकते. 'कर'पुढे ते बहुधा ताठ राहते. पुण्याला, पुण्याचा अशी सामान्यरूपे असतानाही 'पुण्याकर' होत नाही, 'पुणेकर'च होते. इतकेच नव्हे तर 'कर' काही वेळा नावाचे जुने रूपही जपून ठेवतो. गोवा म्हणणारे गोवेकर म्हणतात, बडोदा म्हणणारे बडोदेकर म्हणतात, कारण गोवे आणि बडोदे ही रूपे त्या प्रत्ययाच्या आश्रयाने टिकली. माणूस गाव सोडून जातो आणि गावाचे जुने नाव आपल्या आडनावात घेऊन जातो, ही सामाजिक घटना व्याकरणात अशी नोंदली गेली आहे.

'कर' या प्रत्ययाच्या इतिहासात निदान तीन थर दिसतात. पहिला सत्तेचा. जुन्या कागदपत्रांत आणि बखरींत नागपूरकर म्हणजे नागपूरचे रहिवासी नव्हेत, तर भोसले घराणे. अक्कलकोटकर, सांगलीकर, जमखिंडीकर ही नावे संस्थानिकांची. प्रजेला 'रयत' हा शब्द पुरेसा होता, आणि रयतेला प्रदेशाचे नाव लावण्याची गरज कोणाला भासत नव्हती. गंमत अशी की, राजाच्या अंगावरचे लोकनाम त्याच्या राज्याचेच असेल असेही नाही. इंदूरवर राज्य करणारे होळकर हे नीरेकाठच्या होळ या लहानशा गावाचे नाव लावीत होते. दुसरा थर स्थलांतरित कुटुंबाचा. गावात असेपर्यंत कोणी स्वतःला त्या गावचा 'कर' म्हणवीत नाही, कारण तेथे सगळेच त्या गावचे असतात. गाव सुटल्यावर, परक्या वस्तीत ओळख देण्यासाठी, हा प्रत्यय लागतो. 'कर' हा निवासाचा वाचक असतो तितकाच तो निर्गमनाचाही असतो. तिसरा थर नागरिकाचा, आणि तो मुख्यतः विसाव्या शतकातला आहे. वर्तमानपत्रांनी 'पुणेकर', 'मुंबईकर', 'सोलापूरकर' हे शब्द अनेकवचनी, सर्वसमावेशक अर्थाने रूढ केले. हा बदल किती मोठा होता हे समजण्यासाठी सोलापुरातीलच एक घटना आठवावी. 1930च्या मे महिन्यात तेथे मार्शल लॉ पुकारला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी देण्यात आली. या चौघांपैकी एकाच्याही आडनावात 'कर' नाही. त्यांचे धर्म, ज्ञाती आणि घरच्या परंपरा एक नव्हत्या. तरीही 'सोलापूरकर' या शब्दाचा नागरी अर्थ सांगायचा तर या चार नावांकडेच बोट दाखवावे लागते. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांपैकी कोण व्हायचे असा प्रश्न श्रोत्यांपुढे टाकला, तेव्हा हा तिसरा थर पक्का झाला होता. 'कर' आता जन्माने मिळणारा नव्हे, शिकून घेता येणारा गुण ठरला होता. त्या विनोदाची सगळी मदार यावर आहे.

परंतु हा प्रत्यय सर्वांना सारखाच खुला होता असे समजणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. महारवाडा गावठाणाबाहेर होता. गावच्या कामाला बांधलेला माणूस गावाचा होता, पण गाव त्याचे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, आणि आडनाव सकपाळ. गावावरून 'आंबडवेकर' आणि त्यातून 'आंबेडकर' हे नाव शाळेच्या दप्तरी आले. ज्या गावाने गावकीत बरोबरीची जागा दिली नसती त्या गावाचे नाव, गावापासून दूर, शाळेच्या पटावर मिळावे, यात 'कर' या प्रत्ययाची सारी विसंगती एकवटली आहे. याच्या उलट टोकाला 'स्थ' हा संस्कृत घटक आहे. कोकणस्थ आणि देशस्थ हे शब्द शब्दार्थाने निव्वळ निवासवाचक. तरीही कोकणात पिढ्यान्पिढ्या राहिलेला कुणबी कोकणस्थ नसतो आणि पुण्यात जन्मलेला चित्पावन असतो. येथे लोकनामाने भूगोल पूर्णपणे टाकून दिला आणि जात तेवढी ठेवली. मराठीत कल्पित प्रदेश रचणाऱ्या लेखकापुढे प्रत्ययांची ही पेटी असते; तीतले एकही हत्यार कोरे नाही.

आता कल्पित प्रदेशांकडे वळता येईल. मराठीतील सर्वांत जुने आणि सर्वांत परिचित कल्पित नगर म्हणजे व्रतकथांमधले आटपाट नगर. श्रावणातल्या कहाण्या पिढ्यान्पिढ्या येथून सुरू होतात. पण 'आटपाटकर' असा शब्द कोणा आजीच्या तोंडी आल्याचे स्मरत नाही. तेथे राजा असतो, गरीब ब्राह्मण असतो, वाणी असतो, नावडती राणी असते. माणसे वर्णाने, व्यवसायाने किंवा नात्याने ओळखली जातात, नगराने नव्हे. याचे एक कारण उघड आहे. लोकनाम सीमेवर जन्माला येते. ते शेजाऱ्याने दिलेले किंवा शेजाऱ्याला सांगितलेले नाव असते. आटपाट नगराला शेजार नाही. कथेतला प्रवासी परमुलखात गेला तरी तो मुलूख पुन्हा आटपाटच. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ज्या समाजात 'तू कोणाचा?' हा प्रश्न 'तू कुठला?' या प्रश्नाच्या आधी येतो, त्या समाजाच्या कल्पित नगरालाही सामूहिक नाव सुचत नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'रमलखुणा'मधील (1975) दीर्घकथांत, परिष्कृत पातळीवर, असेच अनामिक प्रदेश येतात. तेथे माणूस प्रवासी असतो. लोकनामाचा अभाव हा तेथे एकाकीपणाचा भाग होतो. आटपाट नगराला नावाची गरज नव्हती, जी.एं.च्या प्रदेशांनी ते नाकारले आहे.

श्रीपूरच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला पसरलेला माणदेश हा आणखी वेगळा प्रकार. माण नदीच्या खोऱ्यातला हा कोरडा मुलूख सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांत विभागलेला आहे. प्रशासनाच्या दप्तरी माणदेश नावाचा जिल्हा नाही. त्याला वाङ्मयीन प्रदेशाचे रूप मुख्यतः व्यंकटेश माडगूळकरांनी दिले, आणि 'माणदेशी माणसं' (1949) या शीर्षकातच त्याचे लोकनाम ठरले. नियमाप्रमाणे मुलखाला 'ई'. लेखक मात्र माडगुळ्याचा 'कर' आहे. पुढे 'बनगरवाडी'त (1955) त्यांनी जी वाडी उभी केली तिचे नाव लोकांवरून आलेले आहे : बनगर हे धनगरांमधील कुळनाम. तेथे लोकनामाचा प्रवास उलट्या दिशेने झाला. माणसांना वाडीचे नाव लागण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण वाडीला माणसांचे लागले होते. त्या वाडीत येणारा मास्तर राजाराम सौंदणीकर आडनावातच परगाव घेऊन येतो, आणि कादंबरीचा सगळा ताण या 'कर'चा त्या वाडीशी होणारा, न होणारा मेळ हाच आहे. अखेरीस दुष्काळ पडतो, माणसे जगायला बाहेर पडतात. बनगरांविना बनगरवाडी म्हणजे काय, हा प्रश्न नावाच्या रचनेतच दडलेला होता.

पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मधील (1958) रहिवासी चाळकर नव्हेत, चाळकरी आहेत. एका वेलांटीचा हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. 'करी' हा प्रत्यय मालकी किंवा मूळ सांगत नाही, कृती आणि सहभाग सांगतो : शेतकरी, गावकरी, गडकरी, माळकरी. चाळीत कोणाचे मूळ नाही, मालकी तर मुळीच नाही. आहे तो भाड्याच्या खोल्यांचा, सामायिक गॅलरीचा आणि नळावरच्या भांडणाचा सहवास. त्यामुळे कोकणातून, देशावरून, कोठूनही आलेला भाडेकरू चाळकरी होऊ शकतो. या प्रत्ययाचे सर्वांत उदात्त उदाहरण श्रीपूरच्या जवळून दरवर्षी चालत जाते. तुकारामांची पालखी अकलूजहून बोरगावकडे निघते तेव्हा तिच्यामागच्या माणसांना भाषेने वारकरी हे नाव दिलेले असते. पंढरपूरकर वेगळे आणि वारकरी वेगळे. एकाचे पंढरपुरात घर आहे, दुसऱ्याचे तेथे माहेर आहे. ज्याचे घर आहे त्याला 'कर', जो चालत येतो त्याला 'करी'. न राहताही एखाद्या नगराचे होता येते, हे मराठी प्रत्ययव्यवस्थेने येथे मान्य केलेले दिसते.

कल्पित राज्याच्या प्रजेचे नाव जाणीवपूर्वक, युक्तिवादासह आणि मोठी किंमत मोजून ठरविण्याचा मराठीतील खरा प्रयत्न मात्र कथेत-कादंबरीत झालेला नाही. तो जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी'त (1873) झाला. धोंडीराव आणि जोतीराव यांच्या संवादरूपाने लिहिलेल्या या ग्रंथात बळीचे राज्य उभे राहते. पुराणातला दैत्यराजा येथे न्यायी राजा होतो, आणि त्याच्या राज्याला खंड, सुभे, अधिकारी असा कारभार मिळतो. खंडोबा हा खंडाचा अधिकारी, म्हसोबा हा महासुभा. लोकदैवतांची नावे राज्यव्यवस्थेच्या पदांत रूपांतरित होतात. या व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत, हे सांगून अनेक अभ्यासक पुढे निघून गेले. पण त्या शास्त्रीय व्युत्पत्ती म्हणून तपासणे हीच चूक आहे. राज्य हरवलेले आहे, कागदपत्रे विजेत्यांच्या हाती आहेत. अशा वेळी शब्द हाच उरलेला पुरावा मानून त्यातून एक प्रदेश वसविण्याचे हे काम आहे. ते कल्पनेचे काम आहे, आणि कल्पनेच्या काटेकोर नियमांनी चाललेले आहे.

या राज्यातील लोकांना काय म्हणावे, हा प्रश्न फुल्यांपुढे होता. 'शूद्र' हे विजेत्यांनी दिलेले नाव. त्यांच्या मते ते क्षुद्र या अर्थी हिणवण्यासाठी दिलेले. ज्ञातीची नावे घ्यावीत तर प्रजा एक राहत नाही. 'कर' तर उपयोगाचाच नव्हता. तो एकेका गावाला आणि बहुधा वतनाला बांधलेला. फुल्यांनी 'क्षत्रिय' हा शब्द उचलला आणि त्याचा संबंध 'क्षेत्र' या शब्दाशी जोडला. क्षेत्रात, म्हणजे या भूमीवर राहणारे ते क्षत्रिय. राक्षस म्हणजे रक्षक, महार म्हणजे महाअरी, हीही त्याच पद्धतीची पुनर्वाचने. एका वर्णाचे, श्रेणीतल्या दुसऱ्या पायरीचे नाव होते ते त्यांनी भूमीवरून आलेले लोकनाम केले. देशस्थ-कोकणस्थांच्या बाबतीत स्थळवाचक शब्दाची जात झाली होती. येथे वर्णवाचक शब्दाचे स्थळवाचक करण्याचा घाट घातला गेला. दिशा नेमकी उलटी आहे. ज्या कुटुंबाचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, आणि ज्याला फुलांच्या व्यवसायावरून आडनाव मिळाले, त्या कुटुंबातल्या लेखकाला नाव आणि भूमी यांच्या नात्याचे मोल कळले असल्यास नवल नाही.

दहा वर्षांनी, 1883 मध्ये, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. 'शेत' हा शब्द 'क्षेत्र' या शब्दाचेच तद्भव रूप आहे. 'गुलामगिरी'तील क्षेत्रवासी आणि 'असूड'मधील शेतकरी ही एकाच शब्दाची दोन टोके आहेत : पहिले हरवलेल्या राज्याचे, दुसरे कर्जात बुडालेल्या वर्तमानाचे. फुल्यांनी स्वतः हा दुवा जोडून दाखविल्याचे दिसत नाही. भाषेने तो आधीच जोडून ठेवला होता. आणि येथेही प्रत्यय आहे तो 'करी', कष्टाचा.

या लोकनामाचे पुढे काय झाले, ही कथा दुःखद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात वेदोक्ताचा वाद पेटला आणि 'क्षत्रिय' हा शब्द पुन्हा वर्णश्रेणीतील दर्जाचा झाला. भूमीवर राहणाऱ्या सर्वांना कवेत घेण्याऐवजी काहींना इतरांपासून वर उचलण्यासाठी तो वापरला जाऊ लागला. रोझलिंड ओ'हॅन्लन यांनी फुल्यांवरील आपल्या 1985च्या ग्रंथात या शब्दाभोवतीची ओढाताण तपशिलाने तपासली आहे. 'मराठा' या शब्दाचेही असेच झाले. 1881 साली टिळक-आगरकरांच्या मंडळीने इंग्रजी पत्राला आणि 1956 साली अत्र्यांनी दैनिकाला हे नाव दिले, तेव्हा त्याचा अर्थ मराठी बोलणारे सगळे असा होऊ शकत होता. आज तो अर्थ ऐतिहासिक कोशापुरता उरला आहे. 'महाराष्ट्रीय' हा शब्द केतकरांच्या ज्ञानकोशाला शोभला, पण बोलीत उतरला नाही. संयुक्त महाराष्ट्र 1 मे 1960 रोजी प्रत्यक्षात आला, तरी त्याच्या नागरिकाला बोलण्यात 'मराठी माणूस' असे दोन शब्द लागतात.

बळीच्या राज्याला मात्र अखेरीस एक लोकनाम मिळाले, आणि ते कोणी योजलेले नव्हते. दिवाळीच्या पाडव्याला बायका ज्या राजाचे राज्य येवो म्हणून ओवाळतात त्याच राजाचे नाव शेतकऱ्याला लागले : बळीराजा. 1980 नंतरच्या शेतकरी आंदोलनांनी आणि वृत्तपत्रांनी ते इतके रूढ केले की, आता 'बळीराजा चिंतेत' हा मथळा वाचताना कोणालाही पुराण आठवत नाही. प्रजेला राज्याचे नाव मिळाले नाही, राजाचेच मिळाले. वरवर पाहता हा गौरव आहे. पण राजाला मदतीची घोषणा लागत नाही, राजा हप्ता फेडत नाही. अवर्षणाच्या बातमीत येणारे हे नाव उपहासाच्या किती जवळ जाते हे शीर्षक देणाऱ्या उपसंपादकालाही बहुधा जाणवत असावे. शिवाय ते एकवचनी आहे. 'बळीराजे' असे अनेकवचन कोणी करीत नाही. फुल्यांना हवे होते ते अनेकांचे नाव.

आणि ते जमीनधारकापुरते आहे. श्रीपूरच्या परिसरात दसरा-दिवाळीच्या सुमारास गाळपाचा हंगाम सुरू होतो तेव्हा मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, आणि चार-पाच महिने तेथे एक वस्ती नांदते. तिला नाव नसते. तिच्यातल्या माणसांना कोणी श्रीपूरकर म्हणत नाही, बळीराजा तर नाहीच. ज्या गावाहून ते आले त्या गावाचा 'कर'ही त्यांना कोणी लावीत नाही. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक आकडा धरतात, आणि त्या आकड्याला 'कोयता' म्हणतात.